खिडकीची जागा

निघायच्या आठ दिवस आधी मी मोबाइलवर एक गोष्ट शोधली आणि ती कुणालाच सांगितली नाही. विमानात वाटेतच माणूस गेला तर त्याचं काय करतात, हे मला जाणून घ्यायचं होतं. उत्तर मिळालं. एखादी रांग रिकामी असेल तर तिथे निजवतात. नसेल तर त्याच्याच खुर्चीत पट्टा लावून, गळ्यापर्यंत पांघरूण घालून बसवून ठेवतात. मी फोन पालथा ठेवला आणि दहावीच्या वह्या तपासायला घेतल्या. त्यातल्या एका पोरीच्या बरोबर आलेल्या गणिताला मी चूक दिली होती, हे दुसऱ्या दिवशी तीच घेऊन आली तेव्हा कळलं.

प्रवास माझ्या आईचा होता. वय शहात्तर. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावात ती राहते. मी सांगलीत शाळेत गणित शिकवते. धाकटा भाऊ कॅनडात. सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता, कारण त्याच्या कागदपत्रांचं काहीतरी अडकून पडलं होतं आणि एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. वडील गेले तेव्हा त्यांची माती त्याने फोनवर पाहिली. फोन मी धरला होता आणि हात हलतोय म्हणून तो पलीकडून रडत रडत सांगत होता, ताई, नीट धर. त्यानंतर आईने एकच धरून ठेवलं, की मरायच्या आधी त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं.

भाऊच घाबरत होता. "एवढे तास तिला झेपतील का?" असं तो दर फोनला विचारायचा. मी दर फोनला सांगायची, मी आहे ना. माझं हे 'मी आहे ना' घरात, शाळेत, सगळीकडे प्रसिद्ध आहे. सहल असो, लग्न असो, मी पुढे आणि बाकीचे मागे. आमच्या डॉक्टरांनी आईला तपासलं, ब्लडप्रेशरची गोळी तीच ठेवली आणि दोनच गोष्टी सांगितल्या. दर दोन तासांनी उठवून चालवा आणि पाणी भरपूर पाजा. मी मान डोलवली. त्यात अवघड काय आहे, असं मला वाटलं.

खिडकीची जागाही मीच हट्टाने मागून घेतली. आईने जन्मात विमान पाहिलं ते रानातून, डोळ्यांवर हात धरून. म्हटलं, आता तिला वरून सगळं दिसू दे. मी मधे, आई खिडकीला. कडेच्या खुर्चीवर कोण येणार हे माझ्या हातात नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला पक्की ठाऊक होती आणि तरी वेळेवर सुचली नाही. आमच्याकडच्या बायका प्रवासाला निघाल्या की पाणी बंद करतात. सांगलीला यायचं तर पहाटेचा चहा अर्धा कप, तोही नाइलाजाने. मग सांगलीतलं काम उरकून परत आपल्या दारात पाय पडेपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं. वाटेत जायचं कुठे, गाडीवाल्याला थांबव म्हणायचं कुणी, आणि सगळ्यांच्या देखत उतरायचं कसं? हे कुणी शिकवत नाही, पोरगी आईकडे बघून शिकते. शाळेच्या सहलीला मीही तेच करते. त्यात आई जतची. तिच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, आला की आधी जनावरं, मग पोरं, मग पुरुष, आणि बाईने शेवटी घागरीचा तळ. सत्तर वर्षं असं काढलेल्या बाईला मी एका कागदावर 'पाणी पिणे' असं लिहून दर तासाची वेळ घालून दिली होती.

मुंबईहून आखातापर्यंतचं विमान लहान पल्ल्याचं होतं, ते पार पडलं. फक्त विमानातल्या संडासात पाणी ओढणारा तो आवाज झाला, तेव्हा आई लुगडं सावरत बाहेर आली ती पांढरीफटक पडलेली. "आत वडतंय की गं माणसाला," म्हणाली. मी हसले. तिथे हसायला नको होतं.

दुसरं विमान चौदा तासांचं. सकाळी निघालं आणि सूर्याच्या मागे मागेच जात राहिलं, त्यामुळे बाहेर सगळा वेळ लख्ख ऊन. आईने एकदाच खिडकीतून खाली पाहिलं. खाली नुसता पांढरा पसारा. "बंद कर गं ते," म्हणाली. "खाली कायबी न्हाई." मी पडदा ओढला आणि जी जागा मी तिच्यासाठी भांडून घेतली होती, ती एका झटक्यात नुसता कोपरा झाली.

कडेच्या खुर्चीत एक दांडगा गृहस्थ येऊन बसला. कानाला मोठे हेडफोन, मांडीवर लॅपटॉप, आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्याचेच कोपर. पुढच्या माणसाने खुर्ची मागे रेलली ती थेट माझ्या गुडघ्यांवर. पाय लांब करावे तर खाली लोखंडी दांडा, मुडपावे तर कळ. दोन तासांत माझ्या चपलेचे बंद रुतायला लागले. हवा इतकी कोरडी की नाकाच्या आत खपल्या धरल्यासारखं झालं. मी बावन्न वर्षांची, रोज चालणारी बाई. माझी ही गत, तर हिची काय असेल, हे मनात आलं. पण आई गप्प होती. गप्प आहे म्हणजे बरी आहे, असं मी धरून चालले.

पहिल्यांदा तिला जायचं झालं तेव्हा मी त्या गृहस्थाला उठवलं. त्याने लॅपटॉप मिटला, वायरी गुंडाळल्या, ताट लावायची फळी वर केली आणि मोठा सुस्कारा सोडून उभा राहिला. आई त्याच्यापुढून जाताना अंग चोरून, मान खाली घालून गेली. परत आल्यावर मला हळूच म्हणाली, "किती खेपा उठंल त्यो बिचारा." मी म्हटलं, त्याचं कामच आहे, कडेला बसलाय तो.

दुसऱ्यांदा तिने माझ्या कोपराला हात लावला तेव्हा जेवणाची गाडी बरोबर आमच्या रांगेपाशी अडकली होती. माझे गुडघे ठणकत होते, डोकं भणभणत होतं. मी म्हटलं, "आई, दिसत नाही का तुला? थांब की जरा." वर्गात जो आवाज लावते, तोच लागला. तिने हात काढून घेतला. गाडी पुढे गेल्यावर मी विचारलं, चल, जायचं ना? ती म्हणाली, "न्हाई, ऱ्हायलं." मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते इथे कबूल करायलाच हवं.

त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही. पाणी यायचं ते झाकणाला चकचकीत कागद चिकटवलेल्या छोट्या कपांतून. मी तिच्यापुढे कप ठेवायची, घड्याळ बघायची, डोळा लागायचा, आणि उठून बघावं तर फळी रिकामी. "पिलीस?" "व्हय." मी कागदावर खूण करायची. सातव्या तासापर्यंत कागदावर सात खुणा झाल्या होत्या आणि मी स्वतःवर खूश होते.

मग आईने मला हलवलं आणि कानडीत काहीतरी विचारलं.

आईचं माहेर पलीकडचं, तिची पहिली भाषा कानडी. पण आमच्याशी ती कधी कानडी बोलली नाही. भांडताना आजीशी बोलायची, तेवढीच आम्ही ऐकली. म्हणून आधी मला वाटलं, झोपेत आहे. मी पाहिलं तर डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. "नीर बंतेन?" ती म्हणाली. पाणी आलं का? मी म्हटलं, आई, काय गं? तिने परत तेच विचारलं आणि तिची मान खिडकीच्या बाजूला कलली. हात हातात घेतला तर गार आणि कोरडा. जीभ बाहेर यायला बघत होती, ती पांढरी.

त्या क्षणी मला दुसरं काहीच दिसलं नाही. दिसलं ते फक्त पांघरूण, गळ्यापर्यंत ओढलेलं. समोरच्या पडद्यावर आमचं इवलंसं विमान निळ्या पाण्यावर टेकवून ठेवलेलं होतं आणि त्याच्या आसपास एकाही गावाचं नाव नव्हतं. मी बेल दाबायची सोडून ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण मराठीत.

हवाई सुंदरी धावत आली, मागून दुसरी. माइकवरून विचारलं गेलं, कुणी डॉक्टर आहे का? डॉक्टर नव्हता. पुढून एक बाई आल्या, केरळच्या, तिकडे दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी आईची नाडी पाहिली, पट्टा बांधून ब्लडप्रेशर पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आईच्या हाताच्या पाठीवरची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना. "पानी कितना पिया?" त्यांनी विचारलं. मी कागद पुढे केला. सात कप, वेळांसकट.

त्यांनी कागद बघितला, आईकडे बघितलं आणि औषधं कोणती आहेत ते विचारलं. गोळ्या आईच्या कापडी पिशवीत होत्या. मी पिशवी उघडली. वरच कप होते, सगळे न उघडलेले. एकाखाली एक नीट रचून, भोवती शालीचं टोक गुंडाळलेलं, सांडू नयेत म्हणून. त्यांच्या खाली एक लहान बाटली, तीही भरलेली. मी ते एकेक करून बाहेर काढत होते आणि फळीवर ठेवत होते. सात झाले. कुणीतरी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मला तेव्हाच कळलं काय झालं ते. न उघडलेले कप त्या पोरी कचऱ्याच्या पिशवीत टाकत होत्या, हे आईने पाहिलं होतं. भरलेलं पाणी टाकून देताना बघणं तिच्याच्याने झालं नसणार. आणि प्यायलं तर जावं लागणार, आणि जायचं तर तो माणूस उठणार, आणि मी ओरडणार. तिने तिच्या परीने सगळ्यांची सोय केली होती.

तेवढ्यात कडेचा गृहस्थ उठला. आधीच मी मनातल्या मनात त्याला किती शिव्या घातल्या होत्या, त्याला गणती नाही. त्याने लॅपटॉप, वायरी, हेडफोन, सगळं गोळा केलं, खुर्च्यांमधले हात वर केले आणि तिन्ही खुर्च्या मोकळ्या करून मागे संडासापाशी जाऊन उभा राहिला. पुढचे सगळे तास त्याने मागेच उभं राहून नाहीतर विमानातल्या त्या पोरींच्या बसायच्या फळीवर टेकून काढले. आम्ही आईला आडवं केलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. ते इतकं हलकं होतं की मला अजून भीती वाटायला लागली.

हवाई सुंदरी एक फॉर्म घेऊन आली. नाव, वय, कुणाला कळवायचं. 'कुणाला कळवायचं' या रकान्यापाशी माझा पेन थांबला. भावाचा नंबर मला तोंडपाठ आहे, आणि एकही आकडा आठवेना. नर्सबाई आणि ती पोरगी इंग्रजीत हळू बोलत होत्या. मला तुकडे ऐकू येत होते. कॅप्टन विचारतोय, उतरवायचं का, आणि जवळात जवळचं विमानतळ दोन तासांवर आहे. नर्सबाई म्हणाल्या, अर्धा तास बघू, तोंडाने पाणी घेतलं तर सुधारेल. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या, चमच्याने पाजायचं, मीठ-साखरेचं. गिळायला हवं पण.

आईने तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांना लावला की ती मान फिरवायची आणि म्हणायची, "नीर ब्याड." पाणी नको. पहिला चमचा गालावरून ओघळून तिच्या कानामागे गेला, दुसरा माझ्या साडीवर. मी म्हटलं, आई, पी की गं. मी रागावले, मी विनवलं, मी वर्गातला आवाज लावला, मी रडले. दहा मिनिटं गेली. पडद्यावरचं विमान तिथल्या तिथेच होतं. मला वाटलं, ही आता माझ्या मांडीवर जाणार आणि मला तिला घेऊन अजून सात तास बसायचं आहे. पुढे भाऊ दारात उभा असेल आणि माझ्याकडे त्याला द्यायला हे असेल.

ती परत म्हणाली, "नीर बंतेन?"

आणि मला सुचलं, ती मला नाही म्हणत नव्हतीच. ती उन्हाळ्यात होती, दारात घागर घेऊन, आणि पाणी अजून आलेलं नव्हतं. मला कानडीचे चार शब्द येतात. मी तिच्या कानाशी वाकले. "बंतु, अव्वा," म्हटलं. आलं. "बंतु."

तिने डोळे माझ्याकडे वळवले. मग मराठीत, अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "समद्यांनी घेतलं?"

"समद्यांनी घेतलं," मी म्हटलं. "तूच ऱ्हायलीस."

तेव्हा तिने तोंड उघडलं. पहिला चमचा गिळला, दुसरा गिळला. नर्सबाईंचं बोट नाडीवर होतं आणि त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. मी चमचे मोजत होते, कारण दुसरं काही करायला गेले तर माझा हात थांबेल अशी मला भीती वाटत होती. चाळीसाव्या चमच्याला आईने कपाळावर आठ्या घातल्या आणि म्हणाली, "खारट हाय." नर्सबाई हसल्या. पुन्हा ब्लडप्रेशर पाहिलं आणि पुढे जाऊन सांगून आल्या, की चालू द्या विमान.

भीती मात्र गेली नाही. उरलेले तास मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसले. एका बाजूने माझा पाय मेला होता, मान अवघडली होती, पण मांडी हलवायची हिंमत नव्हती. तिचा श्वास जरा लांबला की माझा थांबायचा. दर अर्ध्या तासाने पाणी, आणि दोनदा तिला धरून मागे नेलं. दार उघडं ठेवून मी बाहेर पदराचा आडोसा केला आणि तो आवाज व्हायच्या आत तिचे कान झाकले. तो गृहस्थ आम्हाला बघून तोंड फिरवून उभा राहिला. त्याला धन्यवाद म्हणायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

उतरल्यावर तिथल्या दोघा जणांनी येऊन तिला तपासलं. आता धोका नाही, पण आजच रक्त तपासून घ्या आणि हृदयाचंही बघा, असं त्यांनी मला बजावलं. आईला व्हीलचेअरवर बसवलं. सामान आलं, शिक्के झाले. बाहेरच्या दाराशी पोचायच्या जरा आधी तिने माझं मनगट धरलं.

"त्याला काय सांगू नगंस," ती म्हणाली.

"का गं?"

"पुन्यांदा बोलवायचा न्हाई त्यो."

मी चालायची थांबले. निघायच्या आधीपासून मी तिच्या मरणाला भीत होते. तिला त्याची भीतीच नव्हती. तिचं काळीज भलत्याच ठिकाणी अडकलं होतं, आणि एवढं सगळं सोसून तिच्या मनात पुढच्या खेपेचा विचार चालू होता.

सरकत्या दारापलीकडे भाऊ दिसला. केस पांढरे झालेले, हातात फुलं. तो धावत आला आणि व्हीलचेअरपुढे गुडघ्यांवर बसला. आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गालांवरून बोटं फिरवली, दाढी चाचपली. मग त्याने विचारलं, "आई, प्रवास कसा झाला?"

"ब्येस झाला," आई म्हणाली. "तुझ्या बहिणीनं फुलासारखं आणलं."

मी गप्प बसू शकले असते. रक्त तपासायचं काहीतरी निमित्त काढून नंतर दवाखान्यात नेता आलं असतं. पण मला आईच्या श्वासाची भीती अजून सोडत नव्हती, आणि ते ओझं एकटीने वाहायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. तिथेच, माणसांच्या गर्दीत, कपांपासून चमच्यांपर्यंत. माझा आवाज चढला ते सुद्धा सांगितलं.

भावाचा चेहरा उतरला. तो आईच्या पायांवर हात ठेवून म्हणाला, "आई, बास झालं. आता पुन्हा तू एवढ्या लांब यायचं नाहीस. माझे कागद झाले की मीच येतो."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "व्हय," म्हणाली, "ये."

आणि तिच्या खांद्यावर माझा हात होता, तो तिने उचलून हळूच बाजूला ठेवला.